नऊ नंबरच्या घरातली नदी

परवा सकाळी अभय बर्वे एक कागद घेऊन आला. अभय म्हणजे झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. वय चाळिशीचं. मराठी सगळं समजतं, पण बोलताना दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरतो. घसरू दे बापडा, माझी नातवंडं पहिल्याच वाक्याला घसरतात. माझा राग त्याच्या भाषेवर नाही.

"आजी, बस एक साइन चाहिए," तो म्हणाला. "मागचा नाला आहे ना, त्याच्यावर स्लॅब टाकून तो बंद करायचा. वरती गार्डन. बेंच, झूले, लाइट. तुमची दीवार त्याला लागून आहे, म्हणून तुमची मंजुरी पाहिजे."

मी चष्मा चढवला. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : कै. मनोहर खानापुरे स्मृती उद्यान.

"हे नाव कोणी काढलं?"

"सबने मिलकर. काकांना निसर्ग कितना पसंद था ना, आजी!"

पसंद! त्या माणसाला आयुष्यात काहीही पसंद नव्हतं. मी अभयला आधी बस म्हटलं आणि लगेच ऊठ म्हटलं. "काका असते ना, तर छत्री घातली असती तुझ्या डोक्यात. नाला म्हणालास म्हणून एकदा आणि उद्यान म्हणालास म्हणून दुसऱ्यांदा."

तो हसला. "आजी, आप भी ना!" म्हणाला, कागद टेबलावर ठेवला, त्यावर माझीच पाण्याची बाटली वजन म्हणून ठेवली आणि सोमवारी न्यायला येतो सांगून गेला. त्याच्या त्या हसण्याने माझं डोकं उठलं आहे. खानापुरे जाऊन चार महिने झाले नाहीत आणि त्यांना गोड करून टाकायचं काम सुरू झालं. शोकसभेत कोणी 'हसतमुख' म्हणालं होतं! मी सत्तेचाळीस वर्षं त्या माणसाला ओळखत होते. हसताना मी त्यांना दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते मलाच हसत होते.

म्हणून हे लिहायला बसले आहे.

खानापुरे मूळचे सांगलीकडचे. झाशीबाहेरच्या मोठ्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे नकाशे काढायचे. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात चार रंगांच्या चार पेन्सिली, आणि उन्हापावसात, थंडीत, लग्नात, स्मशानात हातात काळी छत्री. त्या छत्रीच्या दांड्यावर त्यांनी इंचांच्या खुणा कोरल्या होत्या. कुठेही पाणी दिसलं की ते छत्री बुडवत, खूण वाचत आणि खिशातल्या वहीत टिपत. रस्त्यातल्या डबक्यातसुद्धा. लोक त्यांना वेडे म्हणत. मी म्हणत नसे, कारण मी सुशिक्षित होते. मी 'विक्षिप्त' म्हणत असे.

कारखान्याने त्यांना दीड वर्ष जर्मनीला प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. बाकनांग नावाचं गाव, आणि गावाला वळसा घालून जाणारी नदी मुर. नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं, आणि मी भूगोलाची एम.ए. होते. पन्नास-एक किलोमीटरची नदी. जंगलात उगम पावते, पुढे नेकार नावाच्या नदीला मिळते, नेकार ऱ्हाईनला. खानापुऱ्यांनी दर रविवारी पायी चालून ती मुर मुखापासून उगमापर्यंत पाहिली. नंतर तिचे ओढे पाहिले. एकेक करून, प्रत्येक ओढा जिथून निघतो तिथपर्यंत. दीड वर्षात बर्लिन पाहिलं नाही, आल्प्स पाहिले नाहीत. परत आले ते बगलेत नकाशांची गुंडाळी घेऊन.

त्यांची बायको सुशीलाताई हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "लोकांच्या नवऱ्यांनी जर्मनीहून टेपरेकॉर्डर आणले. आमच्यांनी ओढे आणले."

या ओढ्यांमुळेच माझी त्यांची गाठ पडली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवत होते. आत्ता त्या बाईला आठवलं की मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. सुती साडी, खांद्यावर शबनम, डोळ्यांवर गरज नसलेला मोठ्या फ्रेमचा चष्मा. 'मी विद्यापीठात दुसरी आले' हे ती कुठल्याही संभाषणात तिसऱ्या वाक्यापर्यंत आणत असे. पहिली कोण आली ते कधी सांगत नसे. तर या विदुषीने खानापुऱ्यांना 'जर्मनीतील नद्या' या विषयावर बोलायला बोलावलं. मुली ऱ्हाईन, डॅन्यूब, एल्ब ऐकतील, प्राचार्य खूश होतील, असा बेत होता.

खानापुरे आले. फळ्यावर खडूने एक बारीक रेघ ओढली आणि ती हळूहळू जाड करत नेली. मग दोन्ही बाजूंनी छोट्या रेघा आणून जोडल्या. "ही मुर. हा फोर्न्सबाख, हा हॉर्शबाख, याला धबधबे आहेत. बाख म्हणजे ओढा. ही उजवीकडून लाउटर. ही बाकनांगला डावीकडून वाइसाख. हा बुखेनबाख. ही शेवटची बॉटवार. मुखाशी एक खेडं आहे, त्याचंही नाव मुर. या प्रत्येकावर पूल आहे. आणि प्रत्येक पुलावर पाटी आहे, खालून कोण जातंय त्याचं नाव लिहिलेली. अगदी पाऊलभर रुंद ओढा असला तरी."

वीस मिनिटं हेच. मुली खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी उठून गोड आवाजात म्हटलं, "सर, थोडं ऱ्हाईनबद्दलही सांगावं."

"ऱ्हाईन पुस्तकात आहे. पुस्तक तुमच्याकडे आहे." ते माझ्याकडे वळले. "बाई, मला सांगा, तुमच्या घराच्या छपरावर पाऊस पडतो, ते पाणी कुठे जातं?"

मी हसून म्हटलं, "नालीत."

"तिथून?"

"नाल्यात."

"कुठल्या?"

"नाल्याला नाव कुठे असतं, सर?"

मुली हसल्या. खानापुरे नाही हसले. त्यांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. "ऱ्हाईन कुठून निघते ते तुम्हाला पाठ आहे, आणि स्वतःच्या अंगणातलं पाणी कुठे जातं ते माहीत नाही. एम.ए. भूगोल!" मग त्यांनी भिंतीवर लावलेले मुलींचे नकाशे पाहिले आणि उरलासुरला संयमही गेला. "गंगा बघा! उगमापासून मुखापर्यंत एकाच जाडीची. ही काय पाण्याची पाइपलाइन आहे? नदी उगमाशी बारीक काढायची, मुखाकडे जाड. इतकंही शिकवत नाहीत का इथे?"

मी संध्याकाळी घरी येऊन रडले, आणि नवऱ्याला सांगितलं की तो माणूस असंस्कृत आहे. घर तेव्हा आमचं ओरछा गेटपाशी होतं, भाड्याचं. आमचे हे बँकेत होते, शांत माणूस. ते म्हणाले, "पण आपल्या छपरावरचं पाणी जातं कुठे?" त्या रात्री मी त्यांच्याशीही बोलले नाही.

आमचं भांडण पुढे रंगलं ते असं. खानापुरे मला म्हणत, "तुमचं मराठी बुंदेलखंडाच्या पाण्यात भिजून फुगलंय." मी म्हणे, "आमचे पूर्वज इथे घोड्यावरून आले, तुम्ही बदलीच्या ऑर्डरवर आलात." पण त्यांच्या रागात एक खोच होती. ती रुतली की निघत नसे. दोन-तीन महिन्यांनी मीच त्यांना विचारलं, की नगऱ्यामागे वाहणाऱ्या ओहोळाला नाव असेल का. ते म्हणाले, "रविवारी सात वाजता. चपला नकोत, बूट घाला." मी अर्थातच चपला घातल्या.

खडकांतून, बेशरमीच्या झुडपांतून, म्हशींच्या मधून आम्ही चाललो. पुढे छत्री, मागे मी. माझी एक चप्पल चिखलात राहिली ती कायमची. खानापुऱ्यांनी वळूनही पाहिलं नाही, फक्त म्हणाले, "नकाशात दाखवू तिला." वरच्या अंगाला एक म्हातारी धोबीण कपडे आपटत होती. रामकली तिचं नाव. खानापुऱ्यांनी त्यांच्या सांगली-हिंदीत विचारलं, "अम्मा, इस नाले का नाम क्या है?" 'नाला' हा शब्द त्यांनी उच्चारलेला मी तेवढाच एकदा ऐकला.

रामकलीने आपटणं थांबवलं. "नाला? नाला काए कैत हो, लल्ला? जा तौ बिछिया आय. हमाई सास बिछिया कैत हतीं, उनकी सास बिछिया कैत हतीं. देखो, कैसी मुड़ी है, पाँव की बिछिया घाईं."

खरंच, तिथे ओढ्याने पायातल्या जोडव्यासारखा गोल वळसा घेतला होता. खानापुऱ्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली. त्यांनी वहीत 'बिछिया' लिहिलं, आणि मग खाली बसून म्हातारीला विचारून विचारून बिछियाला मिळणारे तीन ओहोळही लिहिले. त्यांचीही नावं रामकलीला येत होती. सात-आठशे मीटरच्या टापूतली चार नावं. शहरात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती. बिछिया पहुजला मिळते, पहुज सिंधला, सिंध यमुनेला. परतताना खानापुरे एकदम थांबले आणि ओरडले, "सत्तावीस वर्षं राहताय ना इथे तुम्ही? घोड्यावरून आलात ना?"

पुढच्या आठवड्यात ओढ्याच्या मोरीवर पत्र्याची पिवळी पाटी लागली : 'बिछिया, पहुज की सहायक नदी.' अक्षरं अशी की छापल्यासारखी. दहा दिवसांत ती नाहीशी झाली. खानापुऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कोपऱ्यावरच्या टिक्कीवाल्याच्या शेगडीला वाऱ्याचा आडोसा म्हणून सापडली. मला वाटलं आता तवा उलथतो. पण ते तिथेच ठाण मांडून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, "पहले ये पढ़ो, फिर खाओ." टिक्कीवाला हात जोडून म्हणाला, "बाबूजी, ले जाओ अपनी नदी." खानापुऱ्यांनी नेली नाही. "राहू दे. इथे निदान लोक वाचतात." मोरीवर दुसरी लावली. आजवर सात पाट्या झाल्या. सातवी अजून आहे, थोडी वाकडी.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. इथवर मी चपलेत फिरणारी हौशी बाई होते, म्हणजे निरुपद्रवी.

आम्ही मराठी मंडळींनी मिळून नगऱ्यात घरांची सोसायटी काढायचं ठरवलं. काही कारखान्यातले, काही रेल्वेतले, काही आमच्यासारखे जुने. जमीन मिळाली ती नेमकी बिछियाच्या काठची. मंजुरीसाठी नकाशा हवा होता, आणि ड्राफ्ट्समन घरचाच. खानापुऱ्यांनी नकाशा काढला. सुंदर काढला. मधून बिछिया निळ्या रंगात, दोन्ही काठांना मोकळी पट्टी, आणि घरं आठ. सभासद होते बारा.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "खानापुरे, तेवढी निळी रेघ काढून टाका. वर्षातले आठ महिने तर ती कोरडी असते."

"तुम्ही कामावर आठ तासांतले सहा तास झोपता," खानापुरे म्हणाले, "म्हणून हजेरीपटावरून तुमचं नाव काढलं का?"

सभा मोडली. खानापुऱ्यांनी सभासदत्वाचा राजीनामा तिथेच कागदाच्या पाठीवर लिहून दिला आणि छत्री आपटत गेले. स्वतःचा प्लॉट सोडला, त्यांच्या जागी दुसरा सभासद आला. नंतर त्यांनी वरच्या गल्लीत खडकावर दोन खोल्या बांधल्या.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आमच्याकडे आले. बर्फी घेऊन. "बाई, तुम्ही भूगोलाच्या. तुमचा हात सफाईदार. त्याच नकाशावर ट्रेसिंग ठेवायचं आणि उतरवायचं. ती रेघ तेवढी उतरवायची राहिली, तर राहिली."

राहिली, तर राहिली. मला कोणी धमकावलं नाही. मला फसवलंही नाही. मी त्या ओढ्यात चप्पल घालवली होती, त्याचं नाव ऐकलं होतं, तो कुठून कुठे जातो ते मला पावलापावलाने ठाऊक होतं. पण मला घर हवं होतं. शिवाय मला कोणीतरी 'तज्ज्ञ' म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर हे दुसरं कारण जास्त मोठं होतं. रात्रभर बसून मी ट्रेसिंग केलं. निळ्या रेघेच्या जागी बारीक अक्षरांत लिहिलं, 'नीची ज़मीन'. त्यावर नऊ, दहा, अकरा, बारा असे चार चौकोन आखले. उत्तर दिशेचा बाण मात्र असा काढला की काय सांगू! त्याला वेलबुट्टी, शेपटाला झुपका. खाली सही ठोकली : शालिनी पागे, एम.ए. (भूगोल). नदी गाळली, पण पदवी नाही गाळली.

प्लॉट नंबर नऊ आम्हाला मिळाला.

वास्तुशांतीला सुशीलाताई आणि खानापुरे आले. सुशीलाताई आत आल्या. खानापुरे फाटकाबाहेर उभे. मी पदर खोचून बाहेर गेले. "या ना आत, चहा तयार आहे."

"मी नदीत बसून चहा पीत नाही," ते म्हणाले.

सगळे पाहुणे ऐकत होते. मीही काही कमी नव्हते. "मग उभ्याने प्या," म्हणून फाटकावरून कप पुढे केला. त्यांनी तो घेतला, उभ्याने प्याला, कप फाटकाच्या खांबावर ठेवला आणि गेले. त्या दिवसापासून त्यांचा चहा तसाच झाला. दर दोन-चार दिवसांनी येत, फाटकाबाहेर उभे राहत, मला शिव्या घालत, चहा पीत, कप खांबावर ठेवत. आमच्या ह्यांनी नंतर खांबाचा माथा थोडा रुंद करून घेतला, कप पडू नये म्हणून.

तिसऱ्या वर्षी श्रावणात सलग चार दिवस पाऊस झाला आणि दुपारी दोनच्या सुमाराला बिछिया घरी आली. मागच्या दाराने, अगदी माहीत असल्यासारखी, सरळ स्वयंपाकघरात. पिठाचा डबा तरंगला. गॅसची टाकी आडवी झाली. हे बँकेत, मुलं शाळेत, आणि माझ्या सासूबाई ओट्यावर बसून रामरक्षा म्हणत होत्या. तेवढ्यात पाण्यातून छत्री येताना दिसली, आणि मागून गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेले खानापुरे.

त्यांनी सासूबाईंना पाठुंगळी घेतलं. सासूबाई जुन्या वळणाच्या. पाठीवरूनच म्हणाल्या, "अहो, पहिल्यांदाच आत आलात. चहा तरी घेऊन जा."

"नदीत बसून चहा पीत नाही, आजी."

त्यांना आपल्या घरी ठेवून ते परत आले. मला वाटलं आता बोलतील. मी तयार होते, मला ते हवंच होतं. पण त्यांनी छत्री पाण्यात बुडवली, खूण वाचली, आणि लाल पेन्सिलीने माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला एक आडवी रेघ मारली. शेजारी तारीख आणि वेळ. मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण दयेचं नव्हतं. रागाचं होतं.

"मोठी बाई होती ती," ते म्हणाले. मला कळेना कोण. "रामकली. तिला लिहिता येत नव्हतं, तरी तिने चारही नावं नीट ठेवली. तुम्हाला लिहिता येतं."

मग कमरेइतक्या पाण्यातून निघून गेले.

त्यानंतर पूर आला की ते आत येत, एरवी नाही. भिंतीवर चार रेघा झाल्या. रंगकाम केलं की मी त्यांच्यावरून ब्रश फिरवू देत असे, आणि पुढच्या पुरात ते वहीत बघून सगळ्या पुन्हा काढत.

बाकनांगच्या त्यांच्या घरमालकीणबाई म्हातारपणीही पत्रं पाठवत. एकदा फोटो आला. तिकडचा कुठलासा ओढा पूर्वी पाइपात घालून बंद केला होता. तो फोडून पुन्हा उघडा केला, आणि गमबूट घातलेली पोरं त्यात उभी. मला वाटलं, आज तरी खानापुरे खूश असतील. ते फाटकाशी आले तेच तो फोटो नाचवत. "बघा! त्यांनी आधी चूक केली, मग कबूल केली, मग खोदली. आपण पहिल्याच पायरीवर कॉलनी बांधून राहिलो!" त्या दिवशी चहा निम्मा टाकून गेले.

लोक म्हणतात, त्यांनी काय मिळवलं? अर्ज केले, पाट्या लावल्या, भांडले, आणि शेवटी काय उरलं? उरला आहे तो माझ्या मागच्या भिंतीपासून मोरीपर्यंतचा तुकडा. तेवढीच बिछिया अजून उघडी आहे. बाकीची घरांखाली, रस्त्याखाली, माझ्या ओट्याखाली आहे. त्या एवढ्याशा तुकड्यावर स्लॅब टाकून, वर झोके लावून, त्याला त्यांचं नाव द्यायचं. म्हणजे पुढच्या पोरांनी विचारलं, खानापुरे कोण, तर सांगायचं, झोकेवाले. या निर्लज्जपणाला मी सही देऊ? माझी एक सही आधीच लागली आहे, तेवढी पुरे.

सोमवारी अभय येईल. त्याला बिनसहीचा कागद मिळेल, आणि सोबत बिछियाचा एक नकाशा. त्याची एक प्रत मी अभयच्या आधीच मंजुरीच्या कचेरीत पोचवणार आहे, खाली माझ्या पूर्ण नावानिशी, आणि तो जुना नकाशा खोटा होता, तो मी काढला होता, असं पत्र जोडून. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, अगं घराचं काय होईल?" काय व्हायचं ते होवो. हे घर अनधिकृत ठरलं तर ठरलं. ते आधीपासून तसंच आहे, मी फक्त पदवीने झाकलं होतं.

हा नकाशा मी दुसऱ्यांदा काढला आहे. पहिला खानापुऱ्यांनी नापास केला. ते तेवढं सांगते.

गेल्या माघातली गोष्ट. सुशीलाताई जाऊन दोन वर्षं झाली होती. खानापुरे पंच्याऐंशीचे, पार वाळलेले, छत्री आता काठीसारखी टेकत यायचे. सकाळी दहाच्या उन्हात फाटकाशी आले. मी चहा दिला आणि चहाबरोबर गुंडाळी दिली. पंधरा दिवस खपून काढलेला नकाशा होता. बिछिया उगमापासून पहुजेपर्यंत, रामकलीचे तिन्ही ओहोळ नावांसकट. बारीकपासून जाड, त्यांनी सांगितलं होतं तशी. दिशेच्या बाणाला शेपटी नाही. आणि नऊ ते बारा नंबरची घरं मी काढलीच नव्हती. तिथे स्वच्छ निळं पाणी. मला वाटलं, एवढं करून मी फेडलं.

त्यांनी कप खांबावर ठेवला. नकाशा फाटकाच्या गजांवर पसरला, नाक टेकवून पाहिला. बोट रेघेवरून सरकत होतं. माझ्या घराच्या जागी येऊन थांबलं.

"हे काय?"

"काय?"

"तुमचं घर कुठाय?"

"नाही काढलं," मी म्हटलं. "नदीत घर नसतंच ना."

त्यांच्या मानेवरच्या त्याच शिरा फुगल्या. इतक्या वाळलेल्या मानेत त्या कुठे लपून बसल्या होत्या कोण जाणे. "आधी घर दाखवायला नदी पुसलीत. आता नदी दाखवायला घर पुसता? काय आवडेल ते काढायला ही रांगोळी आहे का? जे आहे ते काढायचं! नदी आहे, काढा. नदीत घर आहे, काढा. घरात तुम्ही बसलाय, ते दिसलं पाहिजे!"

नकाशा गुंडाळून त्यांनी माझ्या अंगावर टाकला.

"पुन्हा काढा."

ते वळले. मोरीपर्यंत गेले. वाकडी झालेली सातवी पाटी छत्रीच्या टोकाने ठोकून सरळ केली. ती लगेच पुन्हा वाकडी झाली, तेव्हा तिलाही काहीतरी बोलले. मग तिथूनच, रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आणि बाई, चहा पांचट झालाय अलीकडे!"

खांबावरचा कप मी उचलून पाहिला. रिकामा होता.